वर्षातले ४५ दिवस सोडून शांत: शिवाजी पार्कचं प्रकरण

दादर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रानडे रोडने चालायला लागलं की पहिली काही मिनिटं स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. फुलवाले, भाजीवाले, साड्यांची दुकानं, डोक्यावर गठ्ठे घेऊन ‘बाजू, बाजू’ करत घुसणारे हमाल, आणि गर्दीत अडकूनही हॉर्नवरचा हात न काढणारे टॅक्सीवाले. मग दुकानं विरळ होतात, झाडं सुरू होतात आणि रस्ता मैदानाला जाऊन टेकतो. इतक्याशा अंतरात मुंबईचा आवाज एवढा खाली उतरतो की नवखा पाहुणा हमखास म्हणतो, “बापरे, किती शांत आहे हो तुमच्याकडे!”

ही शांतता कशाची बनलेली आहे, ती कायद्याने राखायला गेल्यावर काय झालं आणि आज ती नेमकी कुणाकडे उरली आहे, असं हे प्रकरण आहे. मी इथलाच रहिवासी. मैदानापासून दुसऱ्या रांगेत, पागडीच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या भाडेकरूंच्या इमारतीत राहतो. त्यामुळे तटस्थ असल्याचा आव आणत नाही.

मैदान आणि भोवतालची घरं

महापालिकेने हे मैदान १९२५ साली तयार केलं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने ते शिवाजी पार्क झालं. साधारण २८ एकर मोकळी जागा आणि तिला वळसा घालणारा जवळजवळ १.२ किलोमीटरचा कट्टा. भोवती मुख्यतः १९३० आणि १९४० च्या दशकांत उठलेल्या तीन-चार मजली इमारती: गोलाकार कडांच्या गॅलऱ्या, जिन्यावर उजेड पाडणारी उभी जाळी, तळमजल्यावर एखाद्या डॉक्टरची किंवा वकिलाची पाटी. लिफ्ट बऱ्याच ठिकाणी नंतर बसवली, काही ठिकाणी अजूनही नाही.

इथली शांतता म्हणजे माणसांच्या सुसंस्कृतपणाचं फळ, असं बरेच रहिवासी मानतात. मला ते पटत नाही. ती बरीचशी आखणीतून आलेली आहे. मोठी रहदारी दोन बाजूंना बांधलेली आहे: पश्चिमेला वीर सावरकर मार्ग (जुनी मंडळी अजून कॅडेल रोडच म्हणतात) आणि पूर्वेला लेडी जमशेदजी रोड. मधल्या आडव्या गल्ल्यांतून लांबच्या कुणाला कुठे जायचंच नसतं, त्यामुळे तिथे शिरतो तो एकतर घरी येणारा किंवा रस्ता चुकलेला. इमारती बुटक्या, त्यामुळे एका गल्लीत माणसं मोजकी. आणि मधोमध एवढं मोठं मोकळं पटांगण, जिथे आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही, विरून जातो. हीच माणसं उचलून एखाद्या गजबजलेल्या नाक्यावर नेऊन ठेवली तर आठवड्याभरात तीही मोठ्याने बोलायला लागतील.

आणि शांत म्हणजे निःशब्द नव्हे. पहाटे साडेपाचला कट्ट्याभोवती चालणाऱ्यांच्या बुटांचा घासत जाणारा आवाज सुरू होतो. त्यातले काही जण एकमेकांना रक्तातली साखर मोठ्याने सांगत चालतात. सात वाजता नेट लागतात. रमाकांत आचरेकरांनी तेंडुलकर आणि कांबळीला घडवलं ते याच मैदानावर, त्यामुळे प्रत्येक बापाला आपल्या पोराच्या खांद्यावरच्या किटबॅगेत काहीतरी दिसत असतं. चेंडू बॅटच्या मधोमध बसला की कडेला लागला हे आमच्याकडे चहा गाळता गाळता कळतं. समर्थ व्यायाम मंदिरातले मल्लखांबाचे हुकूम, मंगळवारी गणपतीच्या देवळातली घंटा, शाळा सुटल्यावरचा एकच कल्ला, नवरात्रात बंगाल क्लबच्या पूजेतला ढाक. संध्याकाळी सातनंतर तर तीन घरांतून एकाच मालिकेचे संवाद ऐकू येतात, पण एकाकडे केबल आणि दुसऱ्याकडे डिश असल्यामुळे एक सेकंद पुढे-मागे. नायिका आधी पहिल्या मजल्यावर रडते, मग समोरच्या इमारतीत.

यातल्या कशालाही इथे कुणी गोंगाट म्हणत नाही. माझ्यापुरती या वस्तीतल्या शांततेची खूण अगदी साधी आहे: आमच्या गॅलरीतून समोरच्या गॅलरीतल्या वहिनींशी नेहमीच्या आवाजात बोलता येतं. “वहिनी, कढीपत्ता आहे का?” एवढं म्हणायला गळा ताणावा लागत नाही. अंतर असेल वीस-पंचवीस फूट. ज्या दिवशी हे वाक्य दोनदा म्हणावं लागतं, त्या दिवशी गल्लीत काहीतरी बिघडलेलं असतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जिथे कढीपत्ता ऐकू जातो तिथे भांडणही ऐकू जातं. कुणाची सून कोणत्या सुरात बोलली, कुणाकडे रात्री दीडला टॅक्सी थांबली, कुणाच्या मुलाचा निकाल लागला आणि घरात आवाज का नाही, हे सगळं गल्लीला ठाऊक असतं. एकटी राहणारी मुलगी किंवा चार पोरं मिळून भाड्याने घर घेऊ पाहत असतील तर ‘इथलं वातावरण शांत आहे’ हे वाक्य त्यांना परतवण्यासाठी वापरलं जातं. शांत वस्ती ही पुष्कळदा एकमेकांवर नजर असलेली वस्ती असते. म्हाताऱ्या माणसाला त्याचा आधार वाटतो, विशीतल्या माणसाला जाच. मी दोन्ही वयांत इथे राहिलो आहे आणि दोन्ही वाटणं खरं होतं.

मैदान मुळात कुणाचं?

वाद इथून सुरू होतो. भोवतालच्या घरांना मैदान आपलं अंगण वाटतं. महाराष्ट्राला ते आपलं व्यासपीठ वाटतं. दोघांचंही म्हणणं जुनं आहे, आणि व्यासपीठाचा दावा हलका नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या प्रचंड सभा इथे झाल्या. शिवसेनेचा पहिला जाहीर मेळावा ३० ऑक्टोबर १९६६ ला इथेच झाला आणि पुढे दसरा मेळावा म्हणजे शिवाजी पार्क हे समीकरणच बसलं. १९९५ मध्ये मनोहर जोशींच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी इथे झाला, २०१९ मध्ये उद्धव ठाकरे यांचा. त्या दुसऱ्या वेळी आदल्या दिवशी उच्च न्यायालयाने सुरक्षेबद्दल चिंता व्यक्त केली आणि असे समारंभ इथे नेहमीचे होऊ नयेत, नाहीतर प्रत्येकालाच हे मैदान हवं होईल, अशा अर्थाचं मत नोंदवलं. १८ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे यांच्यावर आणि ६ फेब्रुवारी २०२२ ला लता मंगेशकर यांच्यावर अंत्यसंस्कार झाले तेही याच मैदानावर. दोन्ही वेळी मैदानावर स्मारक व्हावं की होऊ नये, यावरून वाद झाला. राज्याच्या आठवणी जिथे साठतात त्या जागेच्या कडेला घर असणं ही गंमत आहे आणि भारही.

६ डिसेंबरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्या दिवसाबद्दल बाहेर फार चुकीचं बोललं जातं, आणि आतही. महापरिनिर्वाण दिनाला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. दोन-तीन दिवस आधीपासून मैदानात मांडव असतात, पाण्याची आणि शौचालयांची सोय असते, पुस्तकांचे स्टॉल लागतात. विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेली बाई पिशवीतून मोजून पैसे काढते आणि संविधानाची प्रत घेते, हे दृश्य कट्ट्यावर बसून कुणालाही दिसेल. रांगा सावरकर मार्गापर्यंत असतात, पण त्या बहुतांशी मुकाट पुढे सरकत असतात. आमच्या गल्लीत त्या रात्री ‘कढीपत्ता आहे का’ दोनदा म्हणावं लागत नाही. तरीही त्या आठवड्यात बाहेरगावी निघून जाणारी, परत आल्यावर नाक मुरडत ‘काय ती गर्दी’ म्हणणारी घरं इथे आहेत. हीच घरं दिवाळीतल्या रोषणाईच्या गर्दीला ‘काय तो उत्साह’ म्हणतात. शांततेच्या मागणीआड कधीकधी वेगळंच काहीतरी बोलत असतं, हे या प्रकरणात लिहिलं नाही तर लेखन अर्धवट राहील.

२०१० चा निकाल

केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियंत्रण नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयं यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा पट्टा म्हणजे शांतता क्षेत्र, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. दिवस सकाळी ६ ला सुरू होतो आणि रात्री १० ला संपतो. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार लाउडस्पीकरला रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, पण शांतता क्षेत्राला तीही नाही.

शिवाजी पार्कच्या रहिवाशांपैकी काही जण एका ट्रस्टच्या माध्यमातून उच्च न्यायालयात गेले. मे २०१० मध्ये न्यायालयाने मैदान शांतता क्षेत्र ठरवलं. लाउडस्पीकर बंद. अपवाद तीनच: २६ जानेवारी, १ मे आणि ६ डिसेंबर. वस्तीत पेढे वाटले गेले नाहीत, पण कट्ट्यावर त्या आठवड्यात लोक एकमेकांना टाळी देत होते, एवढं नक्की.

आता ५० डेसिबल म्हणजे काय, ते पाहू. बंद खोलीत दोघं-तिघं हलक्या आवाजात बोलत असतील तर मीटर साधारण तिथे असतो. हा मोजपट्टीचा आकडा सरळ वाढत नाही. प्रत्येक १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहा पट होते. म्हणजे ९० डेसिबल ही ५० च्या दुप्पट नव्हे, दहा हजार पट ऊर्जा. दसरा मेळाव्यात आवाज फाउंडेशन या ध्वनिप्रदूषणावर काम करणाऱ्या संस्थेने वेळोवेळी घेतलेल्या नोंदी नव्वदीच्या पुढे गेलेल्या आहेत. दुसरीकडे, मुंबईत काहीही कार्यक्रम नसताना नुसत्या रहदारीने रस्त्याकडेचा आवाज ५० च्या वर असतो. म्हणजे जी मर्यादा सभेने मोडली असं म्हणायचं ती रोज बसगाड्याच मोडत असतात. मेळाव्यांचे वकील हा मुद्दा मांडतात आणि तो खोटा नाही.

पण कायद्यातला आकडा सरासरीचा असतो. ठरलेल्या वेळातल्या सगळ्या आवाजाची सरासरी काढायची. रात्री एक वाजता कॅडेल रोडवरून सायलेन्सर काढलेली मोटरसायकल जाते, सहा सेकंदांत निघून जाते, आणि सरासरीत तिचा फारसा मागमूस उरत नाही. मात्र त्या सहा सेकंदांत चार इमारतींतली तान्ही मुलं उठलेली असतात. माणसाची झोप सरासरीने मोडत नाही. नियमाने पकडता येतं ते सलग चालणारं, परवानगी मागून केलेलं, ज्याच्या आयोजकाचं नाव-पत्ता आहे असं. वस्तीला रोज छळतं ते सुटं, बेवारशी. म्हणून २०१० नंतर सभांचे आवाज कागदावर आले आणि हॉर्न, रात्री उशिरापर्यंत खाऊगाड्यांपाशी उभ्या मोटारींची गाणी, पहाटे रिव्हर्स घेणाऱ्या टँकरची पिपाणी हे सगळं तसंच राहिलं.

पुढे सरकत गेलेली रेघ

निकालानंतरची वर्षं म्हणजे त्या निकालाला एकेक खिडकी पाडत जाण्याची वर्षं. दसरा मेळाव्याला परवानगी मिळायची ती आवाजाच्या अटीवर, आणि अट दरवर्षी वर्तमानपत्रात छापून यायची. जानेवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने शिवाजी पार्कवर वर्षातले ४५ दिवस खेळाव्यतिरिक्त कार्यक्रमांसाठी ठरवून दिले, त्यात दसरा मेळावाही आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाबाबत सविस्तर आणि कडक निकाल दिला. वस्तीला वाटलं, आता पक्कं झालं.

मग आलं २०१७. त्या ऑगस्टमध्ये केंद्राने नियम बदलले: राज्य सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय कोणताही भाग शांतता क्षेत्र मानायचा नाही. राज्य सरकारने न्यायालयात भूमिका घेतली की नव्या अधिसूचना निघेपर्यंत महाराष्ट्रात शांतता क्षेत्र असं काही उरलेलंच नाही. सुनावणी न्यायमूर्ती अभय ओक यांच्यापुढे होती. सरकारने त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप केला, वकील संघटना खवळल्या, आणि शेवटी सरकारला बिनशर्त माफी मागावी लागली. १ सप्टेंबरला पूर्णपीठाने नियमबदलाला स्थगिती दिली. ४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या स्थगितीला स्थगिती दिली. ५ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती.

त्या तीन-चार दिवसांत आमच्या वस्तीचा कायदेशीर दर्जा काय होता हे शांतपणे सांगू शकणारा माणूस मला भेटला नाही. शेजारी एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी राहतात, सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, “काल होतं, परवा नव्हतं, आज विचारू नकोस, उद्या विसर्जन आहे.” याहून नेमकं कायदेशीर मत मी तरी वाचलं नाही.

२०२२ मध्ये शिवसेनेच्या दोन्ही गटांनी दसऱ्यासाठी मैदान मागितलं, महापालिकेने दोघांनाही नाही म्हटलं, आणि उच्च न्यायालयाने ठाकरे गटाला परवानगी दिली. तेव्हाच्या बातम्यांत, चर्चांत, युक्तिवादांत परंपरा होती, कायदा-सुव्यवस्था होती, पक्ष कुणाचा हे होतं. आवाजाचा प्रश्न शोधावा लागत होता. २०१० मध्ये जो मुद्दा प्रकरणाचा गाभा होता तो बारा वर्षांत तळटीप झाला.

४५ दिवसांबद्दल माझं स्वतःचं मत वस्तीतल्या बऱ्याच जणांना आवडत नाही. मला ते दिवस जास्त वाटत नाहीत. ३६५ पैकी ४५ दिवस मैदानाने राज्याचं व्हावं आणि बाकीचे खेळणाऱ्या पोरांचं, हा सौदा वाईट नाही. खटकतं ते हे की मांडव घालायला चार दिवस आणि काढायला तीन, ते दिवस कुणी मोजत नाही. बांबूंचे ट्रक रात्री येतात कारण दिवसा त्यांना शहरात बंदी असते. रात्री दोनला ट्रकमधून बांबू खाली टाकतात त्याचा आवाज कोणत्याही भाषणापेक्षा वाईट असतो, आणि त्याला परवानगीही लागत नाही.

तक्रार कोण करणार?

फोन करायचा ११२ ला. पूर्वी १०० होता. पोलीस येतात, बहुतेक वेळा सौजन्याने येतात, आवाज कमी होतो, गाडी वळली की परत वाढतो. पण खरी अडचण त्याआधी असते. शांत वस्तीत सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे फोन कुणी केला हे तासाभरात कळतं. मांडववाला पोरगा तुमच्याच इमारतीतल्या बाईंचा भाचा असतो. पुढच्या महिन्यात घरातलं माणूस रात्री आजारी पडलं तर जिन्यावरून खुर्चीत बसवून खाली आणायला तोच येणार असतो. अशा वेळी ५५ आणि ६५ डेसिबलमधल्या फरकासाठी माणूस फोन उचलत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरू नगरमधल्या रहिवाशांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने भोंग्यांबाबत निकाल देताना पोलिसांना बजावलं की तक्रारदाराची ओळख उघड करायची नाही आणि आधी त्याची ओळख पटवत बसायचं नाही. न्यायालयाला वस्तीचं मानसशास्त्र बरोबर कळलं होतं, असं मला ते वाचताना वाटलं. पण आमच्यासारख्या गल्लीत ओळख उघड करायला पोलीस लागतच नाहीत. कोणाच्या गॅलरीतला दिवा लागला होता एवढं पुरतं.

लाल धूळ

या मैदानाचा सगळ्यात चिवट त्रास आवाजाचा नाहीच. मैदानावर लाल माती टाकली गेली, आणि कोरड्या महिन्यांत वाऱ्याबरोबर ती घरांत यायला लागली. नोव्हेंबरनंतर आमच्याकडे खिडकीच्या जाळीवर बोट फिरवलं की बोटाला वीटकरी रेघ उठते. तुळशीची पानं, पुस्तकांच्या वरच्या कडा, पंख्याची पाती, वाळत घातलेला पांढरा सदरा. भांडी घासायला येणाऱ्या मावशी आधी ओटा पुसतात, मग भांडी घासतात, मग जाताना परत ओटा पुसतात. मैदानाला लागून राहणाऱ्या दम्याच्या रुग्णांचं तर विचारूच नका.

उपाय पुष्कळ झाले. पाणी मारून झालं, तुषार सिंचन आणि गवताची योजना झाली, पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याचं काम झालं, प्रदूषण नियंत्रण मंडळाने महापालिकेला सूचना दिल्या. गवत लावलं की त्यावर खेळ चालतो, मांडव पडतात, माणसं चालतात, गवत जातं, माती उघडी पडते. इथे ४५ दिवसांचा हिशेब पुन्हा पुढे येतो: खांब रोवण्यासाठी एकदा जमीन उकरली की ती पुढचे कित्येक आठवडे मोकळी माती देत राहते. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद होतो, खड्ड्यातली माती होत नाही.

काचेमागची घरं

२०१२ मध्ये वारसा समितीने शिवाजी पार्कचा परिसर वारसा क्षेत्र म्हणून सुचवला तेव्हा त्याला कडाडून विरोध केला तो इथल्याच रहिवाशांनी. बाहेरच्या माणसाला हे अजब वाटेल. शांतता हवी, जुनं रूप हवं, आणि ते कायद्याने जपायला निघाल्यावर नको? पण पागडीच्या इमारतीत राहून पाहा. सज्जाचा तुकडा पडतो, दुरुस्ती कुणी करायची यावर मालक आणि भाडेकरू वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करतात, पंचाहत्तरीतली आजी लिफ्टअभावी आठवडेच्या आठवडे खाली उतरत नाही. त्यांना पुनर्विकास हवा होता, आणि त्यात चूक काही नव्हतं.

आता तो झपाट्याने चालू आहे. पत्र्याच्या उंच भिंतींआड एकेक इमारत जाते आणि पार्किंगच्या मजल्यांवर उभा असलेला मनोरा येतो. बांधकाम चालू असतानाचा त्रास उघड आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. बांधून झाल्यावर जे होतं ते जास्त महत्त्वाचं. जिथे बारा कुटुंबं होती तिथे साठ आली, साठ कुटुंबांच्या नव्वद गाड्या आल्या, आणि ज्या गल्लीतून कुणाला कुठे जायचं नसायचं तिथे सकाळी साडेआठला रांग लागायला लागली. आखणीतून आलेली शांतता आखणी बदलल्यावर गेली.

पण नव्या घरात ती गेलेली कळत नाही. तिथे दुहेरी काच आहे, एसी आहे, खिडकी उघडायची सवय मोडली आहे. चांगली दुहेरी काच नीट बसवली असेल तर ३० डेसिबलच्या आसपास आवाज अडवते, धूळही अडवते. चौदाव्या मजल्यावर त्या काचेमागे बसलं की दसरा मेळावा हा खाली हलणारा रंगीत ठिपक्यांचा समूह असतो. मागे एकदा बांबूंच्या ट्रकबद्दल महापालिकेच्या जी उत्तर विभाग कार्यालयाला पत्र द्यायचं ठरलं. जुन्या इमारतींतून सह्या मिळाल्या, काही कुरकुरत का होईना. एका नव्या इमारतीत वर जाऊन विचारलं तर दार उघडणारे गृहस्थ अतिशय सभ्यपणे म्हणाले, “काका, आम्हाला तर काहीच ऐकू येत नाही. कधी असतं हे?” ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी मला पाणी विचारलं, सही मात्र केली नाही. ऐकूच न आलेल्या आवाजाविरुद्ध सही कशी करणार?

२०१० ला न्यायालयात जाण्यामागे एक साधी गोष्ट होती: सभेचा आवाज पहिल्या मजल्यावरच्या आजींना आणि चौथ्या मजल्यावरच्या डॉक्टरांना सारखाच येत होता. सगळ्यांच्या खिडक्या उघड्या होत्या. आज ज्यांच्याकडे वकील, वेळ आणि ओळखी आहेत ते काचेमागे गेले आहेत. उघड्या खिडकीत उरले आहेत ते भाडेकरू, वृद्ध, पुनर्विकासाची वाट पाहणारे, इमारतींचे रखवालदार, आणि कट्ट्यावर झोपणारी माणसं, ज्यांना कुणी कधीच सही मागितली नाही. पुढची याचिका कोण करणार, याचं उत्तर मला दिसत नाही.

आमच्या इमारतीचाही नंबर लागला आहे. विकासकाच्या नकाशात मैदानाच्या बाजूला गॅलरी नाही, जमिनीपासून छतापर्यंत बंद काच आहे. गॅलरीचं क्षेत्रफळ खोलीत घेतल्यामुळे प्रत्येक घर तेवढं मोठं दिसतं. उघडणाऱ्या खिडक्या आणि निदान चार फुटांची गॅलरी करारात लिहून घ्यावी, असा मुद्दा मी सभेत मांडला. समोरच्या वहिनींची इमारत आमच्यासोबतच पडणार आहे, म्हणून त्यांनाही बोलावलं होतं. त्यांनी धुळीचं कारण देऊन बंद काचेच्या बाजूने हात वर केला. चौदा भाडेकरूंपैकी गॅलरी हवी म्हणणारे आम्ही तिघं निघालो. करारनाम्याचा मसुदा सध्या वकिलाकडे आहे, आणि त्यात खिडक्यांचं कलम अजून कोरं ठेवलेलं आहे.